ब्रोशरवर ४८९, रस्त्यावर किती? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर मनातली शंका लिहून पाठवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, मेसेज आले, आणि फिरून फिरून सगळ्यांचं विचारणं एकच, की ही गाडी एका चार्जिंगमध्ये खरंच किती जाते, म्हणजे तिची रेंज किती, आणि पेट्रोलच्या गाडीशी तिची बरोबरी होते का. त्यातले सगळ्यांच्या कामाचे प्रश्न निवडलेत. उत्तरं वाचायच्या आधी एवढं लक्षात ठेवा, बॅटरीवर जे केडब्ल्यूएच लिहिलेलं असतं ते म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं युनिट. ४५ केडब्ल्यूएचची बॅटरी म्हणजे ४५ युनिट. खाली सगळीकडे मी युनिटच म्हणतोय.

प्रश्न : मी जळगावला नोकरी करतो, मुलगी पुण्याला शिकते, दीड-दोन महिन्यातून एकदा पुणे होतंच. टाटाची ४५ युनिटची इलेक्ट्रिक नेक्सॉन घ्यायचं मनात आहे. कंपनी म्हणते ४८९ किलोमीटर, शालक म्हणतो २८० च्या वर जात नाही, आणि माझी आत्ताची पेट्रोल गाडी फुल टाकीत ६०० जाते. खरं कोणाचं मानू? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : भाऊ, आकडे दोघांचेही खरे आहेत, फक्त दोघं वेगळ्या रस्त्याबद्दल बोलतायत. ४८९ हा आकडा ज्या सरकारी टेस्टमधून येतो तिच्यात गाडी रोलरवर चालवतात, एसी बंद असतो, हवा ना गरम ना थंड, आणि टेस्टचा जो शहराचा भाग आहे त्यात स्पीड ५० च्या वर जातच नाही, हायवेचा म्हणून जो भाग आहे त्यातही ९० च्या पुढे नाही आणि ते ९० सुद्धा थोडाच वेळ. आता तुम्ही अजिंठ्याच्या रस्त्याने सिल्लोड मार्गे निघालात, गाडीत चार माणसं, मागे मुलीसाठी पापड-कुरडयांचे डबे, एसी चालू, आणि मोकळा रस्ता मिळाला की काटा शंभरवर, तर ४८९ कुठून येणार. कंपन्यांनाही हे माहीत आहे, म्हणून टाटाने २०२४ पासून सी-७५ नावाचा दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणजे शंभरातल्या पंच्याहत्तर गिऱ्हाइकांना जेवढं मिळायला हवं तेवढं, आणि तो ह्या बॅटरीसाठी साडेतीनशेच्या पुढचा आहे. पण त्यात शहरातलं फिरणंही धरलेलं असतं. सलग हायवे असेल तर तुमच्या शालकाचा आकडा जास्त जवळचा.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे स्पीड. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो आणि ११० ला जवळपास दुप्पट. हे पेट्रोल गाडीलाही लागू आहे, तिचंही ॲव्हरेज पडतं, पण तिथे आपल्याला कळत नाही कारण पंप दर दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. पेट्रोल गाडीच्या ब्रोशरवर २० लिहिलेलं असतं आणि हातात १५ येतं, त्यात आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते त्यामुळे अजून थोडं कमी. म्हणजे कागद आणि रस्ता यातला फरक दोन्हीकडे आहे, पण इलेक्ट्रिकमध्ये तो टोचतो कारण टाकीच मुळात लहान आहे.

किती लहान ते बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट एवढी ऊर्जा असते. ४० लिटरची टाकी म्हणजे ३६० युनिट! आणि तुमच्या नव्या गाडीची बॅटरी ४५ युनिटची. आठ पटीचा फरक. तरी ती गाडी आठ पट कमी का जात नाही, तर इंजिन त्या ३६० मधले जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, बाकी सगळं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातं. मोटर मात्र बॅटरीतलं ८५-९० टक्के चाकाला देते. म्हणजे चाकावर तिकडे ९० युनिट आणि इकडे ४०. सहाशेला या प्रमाणात आणा, २७० च्या आसपास येतं, शालकाचा आकडा तोच.

म्हणून मी सगळ्यांना एकच हिशोब सांगतो, तो वहीत लिहून ठेवा. नेक्सॉन-पंच एवढी गाडी, ८०-९० चा स्पीड, एसी चालू, तर बॅटरीच्या युनिटला ६ ने गुणा. ४५ गुणिले ६, २७०. शंभरच्या वर चालवायची सवय असेल तर ५ ने गुणा. आणि हे पूर्ण शंभर ते शून्य झालं, शून्यापर्यंत कोणी जात नाही, खाली १५ टक्के राखून ठेवायचे. घरून फुल निघालात तर पहिला टप्पा २३० चा. रस्त्यात फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण ८० नंतर चार्जिंग फार हळू होतं, तर पुढचा टप्पा १७५ चा. इलेक्ट्रिक गाडीची खरी रेंज म्हणजे हे टप्पे. टप्प्याच्या शेवटी चालू असलेला चार्जर आहे का हे बघायचं, ब्रोशरचा आकडा ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचा.

तुमचं पुणे यात बसवून बघू. जळगाव ते संभाजीनगर १६० च्या आसपास. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर आहे आणि संभाजीनगर साडेपाचशेच्या वर, म्हणजे आपण तापीच्या खोऱ्यातून पठारावर चढतो, त्याचे दीड-दोन युनिट जास्तीचे जातात. तिथे पोचाल तेव्हा पस्तीस टक्क्यांच्या आसपास राहतील. चांगला चार्जर मिळाला तर पाऊण तासात ८०. तिथून पुणे २३५, एका टप्प्यात बसत नाही, म्हणून अहिल्यानगरला जेवायला थांबाल तेव्हा अर्धा तास परत लावायची. एकूण रस्त्यात पेट्रोल गाडीपेक्षा तास-सव्वा तास जास्त धरा, चार्जरवर आधीच कोणी लागलेलं असेल तर दोन तास. येताना उतार आपल्या बाजूने असतो, येताना थोडं स्वस्तात पडतं. दीड-दोन महिन्यातून एकदा हे करायची तयारी असेल आणि घराच्या खाली रात्री चार्जिंग होत असेल तर घ्या, बाकीचे दिवस तुम्हाला पंपाकडे बघायचंसुद्धा काम पडणार नाही. दर आठवड्याला पुणे असतं तर मी नको म्हटलं असतं.

प्रश्न : आमच्या भुसावळला मे महिन्यात ४५-४६ डिग्री नेहमीचं. उन्हात बॅटरी अर्धीच चालते असं ऐकलं, आणि बॅटरी खराबही होते म्हणे. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : अर्धी होते हे थंड देशांचं आहे, तिकडे शून्याखाली वीस-वीस डिग्री जातं तेव्हा रेंज खूप पडते, आणि ते व्हिडिओ बघून आपल्याकडे लोक उन्हाळ्याला तेच लावतात. आपल्याकडे ऊन रेंज खातं ते मुख्यतः एसीतून. भर दुपारी एसी तासाला एक ते दोन युनिट घेतो. आता यात गंमत बघा, हायवेवर ८० ने चाललात तर गाडी तासाला बारा-तेरा युनिट खातेच आहे, त्यात एसीचा दीड म्हणजे दहा-बारा टक्के, फार काही वाटत नाही. पण शहरात, बाजारपेठेतल्या ट्रॅफिकमध्ये, रेल्वे फाटकावर, तुम्ही तासाला वीसच किलोमीटर सरकताय, गाडीला चालायला दोन-सव्वादोन युनिट आणि एसीला दीड! म्हणजे दुपारच्या ट्रॅफिकमध्ये एसी रेंजचा जवळपास चाळीस टक्के हिस्सा खाऊ शकतो. लोकांना वाटतं हायवेला एसी बंद करावा आणि गावात चालू ठेवला तर चालतो, हिशोब बरोबर उलटा आहे. गाडी प्लगला लागलेली असतानाच निघायच्या दहा मिनिटं आधी मोबाइलवरून एसी चालू करा, तापलेली गाडी थंड करायचा खर्च घरच्या लाइटवर जातो, बॅटरीतून जात नाही.

बॅटरीच्या तब्येतीचं म्हणाल तर ते काळजीचं आहेच, खास करून आपल्याकडे. घेताना सेल्समनला स्पष्ट विचारा, बॅटरी पाण्याने थंड होते, म्हणजे लिक्विड कूलिंग आहे, का नुसत्या हवेवर. भुसावळच्या माणसाने लिक्विड कूलिंगशिवाय गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दुसरं, शंभर टक्के भरून गाडी दोन-दोन दिवस उन्हात उभी ठेवू नका, लग्नाला रेल्वेने गेलात तर ५०-६० वर ठेवून जा आणि सावलीत लावा. एलएफपी प्रकारची, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी असेल तर कंपनी मधूनमधून पूर्ण शंभर करायला सांगते, ते करायचं, पण शंभर झाली की वापरायची. आणि दुपारी दोनला हायवेने तापून आलेली गाडी फास्ट चार्जरला लावली तर ती स्वतःच चार्जिंग हळू करते, मशीन खराब नसतं, बॅटरी स्वतःला जपते. उन्हाळ्यात लांबचा प्रवास पहाटे चारला सुरू करायची आपली जुनी पद्धत इथे फार कामाची आहे.

प्रश्न : आम्ही शहाद्याचे. पाहुणे आले की तोरणमाळ ठरलेलं. ३५ युनिटची गाडी चार माणसं घेऊन घाट चढेल का, का मध्येच दम टाकेल? वर चार्जिंग नाही मिळालं तर? (एक वाचक, शहादा)

उत्तर : चढेल, आणि पेट्रोलपेक्षा आरामात चढेल. मोटरला पूर्ण जोर पहिल्या फेरीपासून मिळतो, वळणावर स्पीड पडला तरी गिअर टाकायचा नाही, गाडी मागे सरकत नाही. प्रश्न फक्त युनिटचा आहे आणि तो हिशोब आपण चक्क शाळेच्या फिजिक्सने करू शकतो. गाडी आणि माणसं मिळून १७०० किलो, शहादा ते तोरणमाळ उंचीचा फरक साडेनऊशे मीटर धरा, एवढं वजन एवढं वर न्यायला साडेचार युनिटच्या आसपास लागतात, मोटरमधलं नुकसान धरून पाच. पन्नास किलोमीटर अंतराचे नेहमीचे आठ-साडेआठ. म्हणजे वर पोचेपर्यंत तेरा-चौदा युनिट गेले, ३५ मधले ४० टक्के. उतरताना गाडी ब्रेकऐवजी मोटरला डायनामो करते आणि चढायला घातलेल्यातले अर्ध्याहून जास्त, अडीच-तीन युनिट, परत बॅटरीत येतात. परतीचा खर्च पाच-सहा युनिटच. सकाळी घरून फुल निघा, संध्याकाळी घरी याल तेव्हा चाळीसच्या वर टक्के शिल्लक असतील, वर चार्जिंगची गरज पडत नाही.

पेट्रोल गाडी घाटात ॲव्हरेज आठ-नऊवर आणते आणि उतरताना एक थेंब टाकीत परत येत नाही, हा फरक मला फार आवडतो. फक्त चढताना स्क्रीनवरची रेंज झपाट्याने पडते, तीस किलोमीटर चाललो आणि साठ कमी झाले असं दिसतं, त्याने पाहुण्यांसमोर घाबरून जाऊ नका. गाडी मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधते, तिला पुढे उतार आहे हे माहीत नसतं. किलोमीटरकडे न बघता टक्क्यांकडे बघा. कन्नडचा घाट विचारणाऱ्या चाळीसगावच्या वाचकालाही हेच उत्तर.

प्रश्न : आमना गावमा कोनाकडेबी इलेक्ट्रिक गाडी नही शे, कोनले इचारू? मी धुळ्याजवळचा, कापडाचं दुकान आहे, महिन्यातून दोनदा सुरत. रस्त्यात चार्जर बंद निघाला तर काय करायचं? (एक वाचक, धुळे तालुका)

उत्तर : आमले इचारा, त्यासाठीच हे पान आहे. धुळे ते सुरत सव्वादोनशेच्या आसपास, साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, व्यारा, बारडोली. ४५ युनिटच्या गाडीत कागदावर एका टप्प्यात जवळजवळ बसतं पण मी तसं करू नका म्हणेन, आणि त्याचं कारण वारा. साक्रीच्या पुढे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून-जुलैत पश्चिमेचा वारा तिथे सुसाट असतो आणि तुम्ही सुरतला जाताना बरोबर त्याच्या तोंडावर. ३० च्या वाऱ्यात ८० ने गाडी चालवली तर हवेला वाटतं गाडी ११० ने चाललीय. त्या दिवसात सहाचा गुणाकार पाचवर आणा. येताना तोच वारा पाठीवर असतो, पण डिक्की मालाने भरलेली आणि पठार चढायचं, तेव्हा फायदा आणि तोटा साधारण फिटतो.

चार्जर बंद निघणं हे खरं दुखणं आहे. ॲपवर चालू दाखवतं, तिथे गेलं की स्क्रीन काळी, नाहीतर लाइट गेलेली, नाहीतर कोणीतरी पेट्रोल गाडी समोर लावून जेवायला गेलंय. यावर उपाय एकच, १० टक्क्यांवर चार्जर शोधू नका. ३० टक्के असतानाच थांबा, म्हणजे पहिला बंद असला तरी पुढचा गाठता येतो. निघायच्या आधी ॲपमध्ये त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, आज किंवा काल कोणी केलेलं असेल तर भरवसा ठेवा. चार्जर ज्या हॉटेलच्या आवारात असतो तिथला नंबर सहसा मिळतो, सरळ फोन करून विचारा. एकच मशीन असलेल्या जागेपेक्षा दोन-तीन मशीन असलेली जागा पाच किलोमीटर लांब पडली तरी बरी. आणि मशीनचे किलोवॅट, म्हणजे ते किती जोरात भरतं, ते बघा, ६० वाल्यावर पाऊण तासाचं काम ३० वाल्यावर दीड तास घेतं.

हे सगळं वाचून डोकं दुखत असेल तर महिन्यातून दोनदा सुरतसाठी पेट्रोल किंवा सीएनजीच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. व्यापाऱ्याचा वेळ महाग असतो.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळीची शेती. जळगाव जाऊन-येऊन दीडशेच्या आत. गावात लाइटचा भरवसा नाही, व्होल्टेज पडतं. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज केली तर चालेल का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : आबा, पंपाचं कनेक्शन शेतीसाठीच असतं, त्यावर गाडी लावणं म्हणजे नियमाबाहेर वापर, दंड लागतो. आणि तसंही तिथे आठ तास लाइट, तीही कधी दिवसा कधी रात्री, त्या भरवशावर गाडी ठेवू नका.

घरच्या लाइटवर मात्र तुमचं काम नक्की भागतं. १५ ॲम्पिअरच्या साध्या प्लगवर तासाला तीनच्या जवळपास युनिट भरतात. लोक म्हणतात चौदा-पंधरा तास लागतात, पण ते रिकामी बॅटरी पूर्ण भरायची असेल तर. रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणं म्हणजे आठ युनिट, तीन तासात होतं. रात्री अकरानंतर गावातली मिक्सर, गिरणी, कूलर कमी झाले की व्होल्टेज सुधारतं, चार्जिंगची वेळ गाडीत किंवा ॲपमध्ये तशी लावून ठेवा. व्होल्टेज फार पडलं तर चार्जर आपोआप थांबतो आणि परत सुरू होतो, गाडीचं नुकसान होत नाही. जळगावला जायचं असेल त्याच्या आधीच्या दोन रात्री लावून ठेवा.

पण अर्थिंग! हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. गावाकडे निम्म्या घरांत अर्थिंगची तार नुसती नावाला असते, कोरड्या जमिनीत पाइप ठोकलेला, त्यात वर्षानुवर्षं पाणी नाही. अशा ठिकाणी गाडी चार्जिंग घेतच नाही, लाल दिवा दाखवते, आणि लोक म्हणतात गाडी खराब निघाली. चांगल्या वायरमनकडून नवीन अर्थिंग करून घ्या, मीटरपासून प्लगपर्यंत वेगळी जाड वायर टाका, वेगळा एमसीबी लावा. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी कधीही लावू नका, रात्रभर पंधरा ॲम्पिअर ओढल्यावर तो बोर्ड वितळतो. केळीचा वाळलेला पाला आणि घड बांधायचा प्लास्टिकचा पसारा जवळ असतो, तिथे ठिणगी पडली तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

छत मोकळं असेल तर ३ किलोवॅटचं सोलर बघा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, आपल्या उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास बनतात, म्हणजे सत्तर किलोमीटर. नेट मीटर असलं की दिवसा बनवलेलं रात्रीच्या चार्जिंगमधून वजा होतं.

प्रश्न : मी अमळनेरहून धुळ्याला कॉलेजवर रोज स्कूटरने जाते, जाऊन-येऊन ७५ च्या आत. शोरूमवाला १५० रेंज म्हणतो. घेऊ? (एक वाचिका, अमळनेर)

उत्तर : ताई, स्कूटरच्या १५० चाही तोच प्रकार, टेस्टचा आकडा आहे. पावणेचार युनिटच्या आसपासची बॅटरी असेल तर जपून चालवल्यावर १०० ते ११०, आणि मोकळ्या रस्त्यावर ६०-६५ ने सलग पळवली तर ८५-९०. म्हणजे तुमचं ७५ होतं पण संध्याकाळी घरी याल तेव्हा दहा-पंधरा टक्केच राहतील, आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी थोडी उतरली की ओढाताण सुरू. स्कूटरला साधा ५ ॲम्पिअरचा प्लग पुरतो. कॉलेजमध्ये प्राचार्यांना विचारून पार्किंगजवळ तो मिळतोय का ते आधी पक्कं करा, तास-दोन तास लागली तरी काळजी मिटली. मिळत असेल तर डोळे झाकून स्कूटर घ्या. नसेल मिळत तर मोठ्या बॅटरीचंच मॉडेल बघा, दोन-अडीच युनिटवाली स्वस्त स्कूटर तुमच्या कामाची अजिबात नाही, कितीही डिस्काउंट दिला तरी.

प्रश्न : किलोमीटरला खर्च किती येतो, थोडक्यात सांगा. (अनेक वाचक)

उत्तर : पेट्रोल १०५ च्या आसपास आणि ॲव्हरेज १५ धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. घरच्या लाइटवर युनिट १२ रुपयांना पडत असेल तर, चार्जिंगमध्ये जे दहा टक्के वाया जातं ते धरूनही, २ रुपयांच्या थोडं वर. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट वीसच्या पुढे जातं, तिथे ४ रुपये. घरी चार्ज करणाऱ्याची खरी बचत होते, बाहेरच चार्ज करणाऱ्याची थोडी होते आणि त्यात वेळ जातो.

प्रश्न : चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळतेय. तिची रेंज किती उरली असेल हे कसं ओळखायचं? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : स्क्रीनवर दाखवते त्या किलोमीटरवर जाऊ नका, आदल्या दिवशी हळूहळू गावात फिरवली की तो आकडा फुगतो. सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरीच्या हेल्थचा रिपोर्ट काढायला लावा, मालक नको म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. मग गाडी शंभर टक्के भरून घ्या, नंदुरबारहून दोंडाईचा-शिंदखेड्याकडे ७०-८० च्या स्पीडने सरळ चालवा, एसी चालू ठेवून, आणि शंभरवरून पन्नास टक्क्यांवर यायला किती किलोमीटर झाले ते मोजा आणि त्याची दुप्पट करा. नुसते पहिले दहा-वीस टक्के बघून हिशोब करू नका, वरचे टक्के बऱ्याच गाड्या उशिरा सोडतात. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, पण ती दुसऱ्या मालकाला पूर्ण लागू होते का हे त्या गाडीच्या वॉरंटी पुस्तकात वाचा आणि सर्व्हिसची सगळी बिलं मागून घ्या, एखादी सर्व्हिस चुकलेली असली तरी कंपनी तिथे अडवू शकते.